मादलेनचा डावा हात

अरबी बाजूचे पहिले शीट मशीनवरून उतरले. त्यातला एक मी उचलून बघितला आणि ऑपरेटरला म्हणाले, "भाई, मशीन बंद करो." तो माझ्याकडे बघतच राहिला. डिसेंबरात अबुधाबीच्या मुसफ्फातल्या कुठल्याच प्रेसमध्ये कोणी मशीन बंद करत नाही. वर्षअखेर म्हणजे कॅलेंडर आणि डायऱ्यांचा हंगाम, मान वर करायला सवड नसते.

मी तिथे प्री-प्रेसला होते. प्री-प्रेस म्हणजे मशीनवर कागद चढण्याआधीचं सगळं काम. मजकूर लावायचा, फोटो स्कॅन करायचे, फिल्म काढायची, प्लेट बनवायची. आमच्याकडून काही निसटलं की ते प्रत्येक प्रतीत छापलं जातं.

हे काम एका प्रदर्शनाच्या कॅटलॉगचं होतं. मादलेन नावाची फ्रेंच लेखिका, तिला जाऊन बरीच वर्षं झाली होती. मिठागरावर राबणाऱ्या बाईची मुलगी. त्या बायकांचं जिणं लिहिणारी तिकडची पहिलीच. प्रकाशक म्हणाला, पुरुषाचं नाव लाव, छापतो. हिने लावलं नाही आणि पुस्तक कित्येक वर्षं ट्रंकेत पडून राहिलं. आता तिच्या गावच्या शाळेला तिचं नाव आहे. एरवी मी मजकूर वाचत नाही, नुसत्या ओळी सरळ करते. पण मिठागर दिसलं आणि वाचत गेले. आमच्या वसईच्या घरामागे मिठागरच होतं.

मादलेन डावरी होती. शाळेत बाई तिचा डावा हात बाकाला बांधून ठेवायच्या. घरी आली की ती त्याच हाताने लिहीत बसायची. पुढे सगळी पुस्तकं त्याच हाताने लिहिली.

माझी आईसुद्धा डावरी. तिला शाळेत छडी मिळाली आणि सासरी टोमणे. डाव्या हाताने वाढतात का, डाव्या हाताने देतात का. मग ती उजव्याने वाढायला शिकली, थोडं सांडत. उजव्याने लिहायची तर अक्षर कोंबडीचे पाय, म्हणून लाजून तिने मला कधी पत्रच लिहिलं नाही. मीच कार्ड घालून फोन करायचे. ती एकच विचारायची, "बाय, नाताळला येतेस ना?"

कितीतरी नाताळ मी अबुधाबीतच काढले होते. या वर्षी रजा मंजूर होती, तिकीट झालं होतं. माझा पासपोर्ट प्रेसच्या तिजोरीत होता, सगळ्या कामगारांचेच असायचे. हा कॅटलॉग मशीनवरून उतरला की तो माझ्या हातात येणार होता.

आणि त्या शीटवरच्या फोटोत मादलेन उजव्या हाताने लिहीत बसली होती.

झालं होतं ते अगदी साधं. कॅटलॉग डावीकडून इंग्रजी, उजवीकडून अरबी. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून आमच्याकडची पद्धत अशी की अरबी पान आरशात दिसावं तसं उलटं मांडायचं. फोटोतल्या माणसाचं तोंड मजकुराकडे हवं, म्हणून फोटोही फ्लिप करायचा. नादियाने, आमच्या लेबनानी लेआउट आर्टिस्टने, तेच केलं होतं.

"हबीबती, वी ऑलवेज फ्लिप," ती म्हणाली. "तुझ्याच समोर तर रोज करते."

तिचं खरंच होतं. तेवढ्यात मॅनेजर कुरियन सर आले.

"क्लायंट ने साइन किया है, फिलोमिना. तुम्हारा क्या जाता है?"

"सर, वो लेफ्ट हँड से लिखती थी. अंदर लिखा भी है."

"फोटो में हाथ कौन देखेगा?"

"मैंने देखा, सर."

त्यांनी शीट हातात घेऊन बघितला. माणूस वाईट नव्हता. "आज रोका तो ये काम कॅलेंडर के बाद जाएगा. तब तक तुम भी नहीं जा सकती. दूसरा आदमी किधर है मेरे पास? सोच लो."

मला गप्प बसता आलं असतं. दोन दिवसांत मी विमानात असते. मला घरी जायचं होतं. पण शीटवरचा तो हात बघवत नव्हता. मेल्यानंतरही बाईला उजव्या हाताने लिहायला बसवलं होतं, आणि तेही आम्ही.

"रोक दीजिए, सर," मी म्हणाले.

"खलास," म्हणून ते केबिनमध्ये गेले.

रात्री आईला फोन केला. "आई, नाताळ चुकला गं."

ती म्हणाली, "नाताळच्या फुग्या तळून काही टिकत नाहीत. तू आलीस की करीन."

फोन ठेवला आणि मी ढसाढसा रडले. नाताळच्या मिस्साला चर्चच्या आवारात उभी राहिले तेव्हाही डोळ्यांसमोर आमचं अंगणच होतं.

जानेवारीत वसईला पोचले. आईने खरंच आंबवलेल्या पिठाच्या गोल फुग्या तळल्या होत्या, सोबत कोंबडीचा रस्सा. मी तिच्यापुढे कॅटलॉग ठेवला. तिने इंग्रजी बाजू बघितली, उलटून अरबी बाजू बघितली. दोन्हीकडे बाई तीच, हात तोच.

"ही डावरी?"

"हो."

"हिला मारलं नाही कोणी?"

"हात बांधून ठेवायचे."

तिने पुस्तक मिटलं, पदराला हात पुसले आणि पळी उचलली. डाव्या हाताने. घरात पाहुणे होते, सगळ्यांच्या देखत तिने मला वाढलं. रस्स्याचा एक थेंब सांडला नाही.

आई आता नाही. त्या जेवणासाठी अजून जीव तुटतो.

रजा संपवून परतले तेव्हा प्री-प्रेसला मी एक नियम लावला. माणसाचा फोटो फ्लिप करायचा नाही. नादिया कुरकुरायची, लेआउट बिघडतो म्हणायची. बिघडला तर बिघडला.