रापणीवरची ताई

ताई गेल्याचा फोन पुलगावच्या दुकानात आला, तेव्हा मी गिऱ्हाइकाला कापड फाडून देत होतो. हातातले माप चुकले, तेवढेच आठवते... त्यालाही आता महिना झाला.

सुमनताई माझी थोरली बहीण. पुलगावजवळच्या रोहण्याची ही पोर लग्न होऊन थेट मालवणकडच्या किनाऱ्यावर गेली. भाऊजी तिथे शाळामास्तर होते. नव्वदीचे दशक सरता सरता ते अचानक वारले. मूलबाळ नव्हते. वर्षश्राद्ध झाल्यावर आईने मला पाठवले. "पोरीले घेऊनच येजो," म्हणाली आणि मागची खोली सारवायला बसली. मीही असा शहाणा, की परतीची दोन तिकिटे काढूनच निघालो.

ताईने विषयच काढू दिला नाही. चार दिवस नुसते हिंडवले... सुरूच्या बनातून, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवरून, पार खाडी समुद्राला मिळते तिथवर. आमच्याकडचे ऊन भाजून काढते. तिथे बसल्या जागी सदरा भिजायचा. मी कुरकुरलो की ती हसायची. "संध्याकायी वारा सुटू दे, मंग बोल."

निघायच्या दिवशी सकाळी ती पदर खोचून किनाऱ्यावर गेली. मी मागोमाग. रापण, म्हणजे काठावरून ओढायचे ते लांबलचक जाळे, बाहेर येत होते. "वैनी, येवा बेगीन!" कुणीतरी हाक मारली, आणि सुकटीच्या वासानेही जिला मळमळायचे ती आमची ताई बायांच्या रांगेत शिरून दोर ओढू लागली. दोराला हात लावेल त्याला मासळीचा वाटा, ही तिथली रीत. तिने आपला वाटा शेजारणीच्या टोपलीत टाकला.

"खात नाई, मंग ओढते काऊन?" मी विचारले.

"तिकडं मले सारे सांभायतीन रे," ती म्हणाली. "इथं मले बलावतात."

मी एकटाच परतलो. आईला खरे सांगायची छाती झाली नाही. "पावसाया झाला का येते," असे म्हणालो आणि दरवर्षी तेच म्हणत राहिलो. आई दर दिवाळीला खोली सारवायची. मला स्वतःची लाज वाटायची.

परवा न राहवून आईला त्या रापणीच्या सकाळपासूनचे सगळे सांगून टाकले.

"मले मालूम होतं," आई म्हणाली. "तिचं पत्र आलतं, पयल्याच साली."

"मंग मले काऊन नाई बोलली?"

"तू मायासाठी खोटं बोलून राह्यला होता. तुले खोटं कसं पाडू?" ती जवळ सरकली. "आता खरं सांग... दोर ओढतानी कशी दिसत होती माही पोरगी?"

मी उठलो, पाय रोवले, कंबरेत वाकलो आणि आईला दोर ओढून दाखवू लागलो.