गावाबाहेर चालू होणारी बुलेट

सास्तूरच्या फाट्यावर मी रोज सकाळी एसटीची वाट बघत उभा असतो. तेव्हा पन्नाशीतला एक माणूस गावातून आपली जुनी बुलेट हातानं ढकलत आणतो. नाव मी कधी विचारलं नाही. फाट्यावर आला की तो रुमालानं मान पुसतो, एका किकमध्ये गाडी चालू करतो आणि कामावर जातो. लोक बुलेटचा आवाज वाढवून घेतात. यानं मोठा सायलेन्सर बसवून तो कमी करून घेतलाय.

एकदा मी विचारलं, "गाडी तर झटकन चालू होते, मग घरून ढकलत का आणता?"

"बायकोसाठी, सर. त्र्याण्णवच्या भूकंपात ती ढिगाऱ्याखाली अडकली हुती, लहान असताना. दारात गाडी धडधडली की अजून भायेर पळती."

"मग विकून का टाकत नाही?"

"काढली हुती विकायला. तिनंच विकू दिली न्हाय. माझ्या वडलांची गाडी हाय ना."

मागच्या आठवड्यात त्याची बायको त्याच्यासोबत फाट्यापर्यंत चालत आली. त्यानं किकवर पाय ठेवला, पण मारेना.

"मारा की. म्या हाय हितं," ती म्हणाली.

गाडी चालू झाली. तिनं डोळे गच्च मिटले, पदर मुठीत आवळला, पण जागची हलली नाही.

त्यानं हळूच विचारलं, "बसतीस का?"

"आज न्हाय," ती म्हणाली आणि थरथरणाऱ्या सीटवर तिनं तळहात टेकवला.

माझी एसटी सुटली तेव्हा ती दोघं तशीच उभी होती, गाडी चालू ठेवून.