खिरापतीचा डबा

हादगा बसला की आमच्या गावच्या मठाची ओसरी बायकांच्या ताब्यात जायची. मी नांदूरघाटाजवळच्या एका दुकानदाराच्या घरात दिलेली. दिवसभर तागडी आणि सासूबाई. म्हणून लेकरू कडेवर मारून मठात पळायचं, तेवढंच सुख. तिथल्या पुजारी जंगमांची बायको, तिला आम्ही सगळ्याजणी अक्का म्हणायचो, भिंतीवर गेरूनं हत्ती काढायची. आम्ही लेकुरवाळ्या चिंध्यांच्या बाहुल्या करायचो, भेंड्या-दोडक्यांच्या माळा ओवून हत्तीवर टांगायचो, अक्काच्या गोष्टी ऐकायचो आणि मग फेर धरून गायचो. गळा एकीचाही धड नव्हता, पण हत्तीनं कधी तक्रार केली नाही.

शेवटी खिरापत. जिची पाळी तिनं झाकलेला डबा लेकरांच्या कानाशी खुळखुळवायचा, आणि आत काय आहे ते लेकरांनी आवाजावरून ओळखायचं.

माझी लेक तेव्हा तीन वर्षांची होती आणि अजून एक शब्द बोलली नव्हती. सासूबाई म्हणायच्या, "पोरीला ऐकूच येत न्हाई." मी फणा काढून उभी राहायचे. दार आपटलं की वळते ना ती! तिला नुसता हादरा कळत होता, हे माझ्या डोक्यात येत नव्हतं. येऊ द्यायचंच नव्हतं म्हणा.

त्या वर्षी पहिल्याच दिवशी डबा तिच्याकडे आला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी नाकातोंडाशी ओढला आणि कुडुमकुडुम चावल्यासारखं केलं. फुटाणे निघाले! दुसऱ्या दिवशी डबा वाजेचना. बाकीची लेकरं एकमेकांची तोंडं बघत बसली. माझ्या लेकीनं तळहात चाटून दाखवला. झाकण काढलं तर सुंठवडा. मला आभाळ ठेंगणं झालं. घरी जाऊन मी सासूबाईंना ठणकावून सांगितलं, की कुणालाच ओळखू आलं नाही ते हिनं ओळखलं.

सासूबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"सुंठवडा वाजतो का गं?" त्या म्हणाल्या. "जे वाजलंच न्हाई ते हिनं कसं ऐकलं?"

मी काहीतरी उलट बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी पाळी आमच्या घराची होती. सासूबाई कधी मठाच्या हादग्याला येत नसत, पण त्या दिवशी डबा घेऊन स्वतः आल्या. गाणी झाली. त्यांनी डबा खुळखुळवला तशी सगळी लेकरं ओरडली, "चिंचोके!" माझ्या लेकीनं डब्याला नाक लावलं, इकडून हुंगला, तिकडून हुंगला. चिंचोक्यांना कसला वास! मग ती आमच्या तोंडांकडे बघत राहिली. सासूबाई तिच्या पाठीमागे गेल्या आणि अगदी कानाशी डबा वाजवला. केवढा वाजवला! ओसरीतलं एक तान्हं दचकून रडायला लागलं. माझी लेक हत्तीकडे बघत होती.

आता या मला सगळ्यांदेखत बोलणार, म्हणून मी दात आवळून बसले. पण सासूबाई मटकन खाली बसल्या, डबा मांडीत तसाच.

"मला वाटलं गं, माझंच चुकलं असंल," त्या म्हणाल्या. "चुकावं असं लई वाटत होतं."

त्या रडल्या. मला रडूही आलं नाही. त्या चिंचोक्यांचा, सासूबाईंचा, माझ्या स्वतःच्या कानांचा मला नुसता राग आला. पुढे हकिमाचं तेल झालं, मांजरसुंब्यापलीकडे कपिलधारेला नवस झाला. काही झालं नाही. मी तिला म्हटलेले पाळणे तिनं ऐकलेच नव्हते. माझे ओठ हलताना पाहून ती झोपी जायची.

पुढच्या हादग्याला मी मठात गेले नाही. गाणी घरापर्यंत ऐकू येत होती, म्हणून मी दार लावून घेतलं. लेकीनं कोनाड्यातला तोच डबा काढला. रिकामा होता. तो घेऊन ती माझ्याजवळ आली, माझ्या कानाशी तिनं तो जोरजोरात हलवला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. आत काय ते मी ओळखायची वाट बघत.