सरूबाई एकट्या नळदुर्गला जाऊन आल्या

मंडळी, लोहाऱ्याच्या सरूबाई आज एकट्या एस.टी.नं नळदुर्गला जाऊन परत आल्या. कंडक्टरनं तासाभरापूर्वीच सांगितलं, म्हणून वाचनालयाच्या या फळ्यावर लगेच लिहितोय.

तिकडं लेक बाळंत झालेली, घरचे सगळे ज्वारीच्या काढणीत. "गाडीची पाटी वाचता येते, मग जा की," असं मी प्रौढवर्गात चार दिवस म्हणत होतो.

सरूबाई म्हणायच्या, "गुरुजी, गोष्टीत राजपुत्र जातो. आई शिदोरी बांधून दारातच ऱ्हाती."

आज शिदोरी त्यांच्या मालकांनी, तात्यांनी बांधली. "भाकरी करपलीय, पर जा आता!"

स्टँडवर सरूबाई एकेक अक्षर लावत पाटी वाचू लागल्या.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, गाडी सुटंल!"

"सुटू दे. पाटी पुरी झाल्याबिगर म्या चढायची न्हाय!"

सगळी गाडी थांबली.

संध्याकाळी गाडीतून उतरताच स्टँडवर आलेल्या तात्यांनी विचारलं, "नातू बघितलास? आन् काय आणलंस?"

"लई गोड हाय! आन् तिथल्या समद्या गाड्यांच्या वेळा वाचून आणल्यात."

राजपुत्रही परतताना गावाच्या कामाचं काही आणतोच. शेजारच्या दोघी उद्यापासून वर्गाला येणार आहेत. तुमच्या घरातून कोण येतंय?