गांधीलमाश्यांचा पहिला अल्बम

गोदामातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक अशा अडकून बसतात, की एक ओढली की पाच हातात येतात. या पोरींच्या किश्श्यांचं तसंच झालंय. थांबवायचं म्हटलं तरी थांबत न्हाईत!

भोकरला माझा मंडप-स्पीकरचा धंदा. शिक्षण सातवी, तेबी मास्तर कंटाळले म्हणून तिथंवर. लग्नाची तारीख नसली की गोदामात गाद्यांच्या थप्प्या लागतात आणि आतला आवाज बाहेर जात न्हाई. एवढं हेरून तीन पोरी आल्या. प्रणिता गिटार वाजवती आणि गाती, म्हंजे ओरडती. गौरी ड्रमवर. मयुरी बेस गिटारवर, आणि ती बोलतच न्हाई. बाकी दोघींचं भांडण संपलं की नुसती मान हलवती. बँडचं नाव 'गांधीलमाश्या'.

घाई एकाच गोष्टीची. दहावी झालेली प्रणिता जूनमध्ये लातूरला चालली होती, डॉक्टरकीच्या क्लासला. तिचा बाप व्यंकटी शब्दाचा पक्का. "जूनपर्यंत काय धिंगाणा घालायचा तो घाला. मग गिटार बंद. कायमची!" त्याच्या आत अल्बम झाला तर झाला, न्हाईतर बँड खल्लास.

•

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे पंक पंक म्हणायलाव, ते असतंय काय?"

प्रणिता म्हणाली, "अण्णा, मोठ्यानं बोलायचं, फास्ट बोलायचं आणि कुणाच्या बापाचं ऐकायचं न्हाई."

"आत्तेच्या! मग आमची ही लग्नापासून पंक हाय की!"

मागं चहाचा ट्रे घेऊन आमची ही उभी. पोरींना म्हणाली, "आणि हे माझे श्रोते. लग्नापासून कान बंद!"

चहा तिघींनाच मिळाला.

•

ड्रमचा सेट कुठून आणायचा? गौरीनं माझी स्वयंपाकाची जर्मनची पातेली पालथी घातली आणि सुरू! लहान पातेलं, मोठं पातेलं, वर परातीचा झणझणाट. मीबी खूश.

मग एका लग्नाहून आमचा आचारी गणपत तणतणत आला. "अण्णा, सगळं वरण चुलीत गेलं! पातेल्याला भोक हाय, भोक! कुणी हाणलं एवढं?"

मी गौरीकडं बघितलं. म्हटलं, आता पोरगी घाबरंल. तिचे डोळे चमकले.

"खरंच भोक पडलं? कोणत्या गाण्याला, काका?"

•

रेकॉर्डिंग नांदेडला. स्टुडिओवाला बिचारा भजनं आणि निवडणुकीची गाणी करणारा. पहिलं गाणं दीड मिनिटात संपलं, तर तो म्हणतो, "छान. आता पुढचं कडवं?"

शेवटचं गाणं मात्र जबरदस्त जमलं. ठोका थांबला. सगळं शांत. माझ्यासमोर चालू माईक! जिंदगीभराची सवय, हात आपोआप पुढं गेला आणि तोंडातून निघालं, "वरपित्यांनी ताबडतोब स्टेजजवळ यावं!"

स्टुडिओवाल्यानं कपाळ धरलं. "पुन्हा घ्यावं लागंल."

"न्हाई न्हाई, राहू द्या," प्रणिता म्हणाली. "सगळ्या अल्बममदी लोकाला कळंल असं तेवढंच हाय."

•

प्रकाशन मयुरीच्या मामानं रेणापूरला ठेवलं. आता आपल्याकडं सत्काराशिवाय काही सुरू होतंय का? शाल, नारळ, फेटा. सरपंच झाले, माजी सरपंच झाले, सरपंच होऊ बघणारे झाले. शेवटी हॉलवाला आला, "दहाच मिनिटं उरलीत. पुढं बारसं हाय."

पोरी तिघी एकमेकींकडं बघून हसल्या. आणि अल्बममधली सहाच्या सहा गाणी हाणून मोकळ्या!

अध्यक्षांचा फेटा अजून नीट बसायचा होता. तो सरळ करत ते म्हणाले, "हां, मग कार्यक्रम कधी सुरू करायचा?"

त्या दिवशी पहिल्यांदा मयुरीचा आवाज ऐकला. "झाला, काका."

•

उन्हाळी भुईमुगात रानडुकरं घुसतात, म्हणून लोक शेतात भोंगा बांधतात. पेनड्राइव्हमध्ये कुत्र्याचं भुंकणं भरलेलं असतं. भोंगा भाड्यानं मीच देतो. व्यंकटी कुरकुरत आला, "अण्णा, तुमच्या कुत्र्याला डुक्कर भीत न्हाई!"

"घे, हैदराबादहून नवीन माल आलाय," म्हणून मी पोरींचा अल्बम दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. "अण्णा, एक डुक्कर फिरकलं न्हाई! हिमायतनगरच्या पुढं गेली असतील! कोण हायत ह्या बाया?"

"त्यातली एक तुझी लेक हाय."

व्यंकटी गादीवर बसला. "ते 'बाप म्हणतो गप बस'... तेबी तिचंच?"

"हाव. तुझ्यावरच हाय."

गादीचा सुटलेला दोरा ओढत बसला. मग हळूच म्हणाला, "त्याच गाण्याला जास्त पळाली असतील."

"मग गिटारचं काय?"

"गिटार इथंच राहील. बोललो ते बोललो."

प्रणिता लातूरला गेली. जाताना माझ्याशीबी बोलली न्हाई. गिटार गोदामात खिळ्याला.

•

मक्याला कणसं धरली, रानात पुन्हा भोंगा लागला, तसा व्यंकटी एक दिवस गोदामात आला. गिटार काढली, पोत्यात गुंडाळली. "चला अण्णा, लातूरला." बसमध्ये काही विचारलं की खिडकीबाहेर बघतोय!

होस्टेलच्या दारात म्याडमनं अडवलं. "वाजवायचं काही चालत नाही इथं. पोत्यात काय आहे?"

"शेतीचं अवजार हाय, म्याडम," व्यंकटी म्हणाला.

तेवढ्यात प्रणिता जिना उतरून आली. पोत्यातून वर आलेल्या खुंट्या बघितल्या आणि ओढणीनं डोळे पुसायला लागली. "पप्पा, तुम्ही तर कायमची बंद म्हणला होता..."

"रडू नको बाई. अभ्यास झाला की नवीन गाणी कर. लवकर कर!" व्यंकटीनं पोतं तिच्या हातात दिलं. "जुनी सगळी डुकरांना पाठ झाली. परवा एक डुकरीण पिल्लं घेऊन भोंग्याखाली ऐकत बसली हुती!"