हजेरीपट

१ मे. सुट्टी म्हणून पुस्तकांचं कपाट आवरायला काढलं, तर एका जाड लाल पुस्तकातून आमच्या कॉलेजातल्या गटाचं जुनं पत्रक पडलं. सायक्लोस्टाईलच्या शाईचा पुसट वास अजून येतो.

ते पत्रक काढलं ते दुष्काळाचं वर्ष होतं. औरंगाबादेत नव्या वसाहती उभ्या राहत होत्या आणि शहराबाहेर विहिरी आटल्या होत्या. फुलंब्रीजवळ रोजगार हमीच्या कामावर आमचे सर आणि आम्ही चार विद्यार्थी भांडवलशाहीवर बोलायला गेलो. खडी फोडणाऱ्या कौसाबाईनं मध्येच विचारलं, "भाषण लई चांगलं हाय, पण हजेरीपटात माझं नाव हाय का, तेवढं वाचून सांगता का? मुकादम दाखवीत नाय. नाव नसलं तर सारी मेहनत वाया."

सर म्हणाले, "बाई, हजेरीपट हे लक्षण आहे. रोग व्यवस्थेत आहे."

"व्हय, पण नाव हाय का?"

बायका हसल्या. मी मात्र सरांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. खडी न फोडता, हजेरीपट न पाहता सगळा दुष्काळ समजल्यासारखं वाटलं. शिकलेल्या माणसाला याहून मोठं आमिष नाही. ते वाक्य मला आजही खोटं वाटत नाही. कौसाबाईला मात्र उत्तर मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं एकटीच गेले आणि मुकादमासमोर बसून हजेरीपट वाचला. तिचं नाव नव्हतं. त्याच्याकडून ते लिहवून घेतलं, मगच उठले.