लिफ्ट-निरीक्षकाचे ब्रेक

सदर इसम, वय वर्षे सत्तावन्न, बांधा किरकोळ, चष्मा जाड, हुद्दा वरिष्ठ उद्वाहन निरीक्षक. म्हणजे साध्या भाषेत लिफ्ट तपासणारा. तीस वर्षांच्या सेवेत त्याने हजारो लिफ्टच्या कागदांवर 'वापरास सुरक्षित' असे लिहून खाली सही ठोकली. सदर सहीविषयी आजतागायत एकही तक्रार नोंदलेली नाही.

घरात त्या सहीला कुणी विचारत नव्हतं. गेल्या महिन्यात मोठ्या उतारावर त्याची छोटी गाडी थांबायची तिथे थांबली नाही; कचऱ्याच्या डब्याला टेकून थांबली. डब्याचं काही बिघडलं नाही. बायकोने मात्र पर्स काखोटीला मारली आणि उरलेला रस्ता पायी तुडवला. "या गाडीत मी पुन्हा बसणार नाही," एवढंच म्हणाली. अशात मुलीला मुलगी झाली. मुलीचं घर त्याच उताराच्या पार तळाशी. रविवारी नातीला बघायला जायचं होतं, आणि बायकोला आपल्याच गाडीतून न्यायचं, या एका गोष्टीने त्याला पछाडलं होतं.

मेकॅनिक म्हणाला, ब्रेक ठीक आहेत. त्याला ते पटेना. त्याच कंपनीच्या मोठ्या मॉडेलचे पुढचे ब्रेक या गाडीला चपखल बसतात, असं त्याने वाचलं होतं. जेवताना, आंघोळीला जाताना, लिफ्टच्या दोऱ्या तपासतानाही त्याच्या डोक्यात तेच फिरत होतं. भंगारवाल्याकडे चार चकरा झाल्या. प्रत्येक वेळी हा निरीक्षक डिस्कची, म्हणजे चाकामागच्या ब्रेकच्या तबकडीची, जाडी आठ ठिकाणी मोजायचा.

"साहेब, डिस्क आहे, मुलीचं स्थळ नाही," भंगारवाला म्हणाला. "आणखी किती पारखाल? हा घ्या डावा कॅलिपर, हा उजवा."

शनिवारी सकाळी गाडी अंगणात ठोकळ्यांवर चढली. मोठ्या डिस्क बसल्या, त्यांना चिमट्यात धरणारे कॅलिपर बसले. उरलं ब्रेकच्या तेलातली हवा काढणं, आणि त्याला दोन माणसं लागतात. बायको पेडलवर पाय ठेवून बसली.

"चाकं नाहीत तोवर ही गाडी नाही, खुर्ची आहे," तिने आधीच बजावलं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय हो!"

"सोड."

दोन तास असेच गेले. पेडल मऊ ते मऊच. तो हवा सोडायचा बोल्ट सैल करी, आवळी, पाणी प्यायला आत जाई आणि न पिताच बाहेर येई.

"एवढी हवा निघते कुठून? मला वाटतं, तुम्ही आत भरताय," असं म्हणत बायको उतरली आणि चाकाच्या जागेशी वाकली. "अहो, हवा वर जाते ना? मग ती सोडायचा बोल्ट खाली कसा?"

त्याने पाहिलं. डावा कॅलिपर उजवीकडे, उजवा डावीकडे. तीस वर्षं तो लिफ्टच्या समोर उभा राहून डावं-उजवं लिहीत आला होता. इथेही तो गाडीच्या समोरच उभा राहिला होता. गाडीचं डावं-उजवं मात्र आत बसलेल्याचं असतं.

अदलाबदल झाली. बोल्ट वर आले, अर्ध्या तासात हवा निघाली, पेडल दगडासारखं घट्ट झालं. संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर तो एकट्याने वीस वेळा थांबला. वीसही वेळा गाडी जागच्या जागी उभी राहिली.

रविवारी बायकोने गाडीचं ते थांबणं दुरून दोनदा पाहिलं, "बरं, चला," म्हणाली आणि खरंच आत बसली. पट्टासुद्धा लावला. तो किल्ली हातात घेऊन बाहेरच.

"एक मिनिट, डावं चाक बघतो."

मग उजवं बघितलं. मग पुन्हा डावं. मुलीचा फोन आला, निघालात का?

"तुझे बाबा अजून सही करताहेत," बायको म्हणाली. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून: "अहो, ब्रेक लागतात ना?"

"लागतात."

"मग?"

"बसवले मीच, आणि लागतात असंही मीच म्हणतोय ना."

बायकोने पट्टा सोडला.

बसमध्ये बसायला जागा नव्हती. उतारभर दोघं उभी होती.